उजव्या बाजूची जाहिरात

जाहिरात आज हवामानाच्या पानावरही होती. ‘नाशिकजवळ ज्येष्ठांसाठी निवास. शांत परिसर, घरगुती जेवण. आजच चौकशी करा.’ जगदीशरावांनी पान बदललं. क्रिकेटच्या धावफलकाशेजारी, उजव्या बाजूला, तीच.

संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. लखनौच्या इंदिरा नगरमधलं घर त्यांनी स्वतः बांधलेलं. घरात ते, पत्नी अरुणा, मुलगा अनीश आणि सून श्रुती. संगणक एकच, बैठकीत ठेवलेला.

संस्थेतले जुने सहकारी दिनकर हजरतगंजमध्ये कॉफीला भेटले, तेव्हा त्यांनी विषय काढला.

‘या जाहिराती उगाच येत नाहीत,’ दिनकर हसले. ‘तुमच्या मशीनवर कोणीतरी ते शोधलंय. एकदा बघितलं की कंपनी पाठ सोडत नाही. मी गुडघ्याचा पट्टा बघितला होता, तर महिनाभर पट्टेच पट्टे!’

जगदीशराव हसले नाहीत.

घरी येऊन त्यांनी संगणकातली हिस्ट्री उघडली. सगळी पुसलेली. म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी होतं. अनीश दिवसभर ऑफिसात. अरुणाला संगणक साधा सुरूही करता येत नव्हता. उरली श्रुती.

त्यांनी श्रुतीच्या हातचा चहा बंद केला. ती खोलीत आली की पेपर तोंडासमोर धरू लागले.

‘काय झालंय?’ अरुणाताईंनी विचारलं.

‘तुला नाही कळायचं.’

रविवारी नाश्त्याला त्यांचा संयम सुटलाच. ‘हे घर माझं आहे, श्रुती. मला कुठे नेऊन टाकायचं ते तू ठरवू नकोस.’

‘बाबा, हुआ क्या है?’ अनीश गोंधळला.

‘हिला विचार. वृद्धाश्रम शोधत होती की नव्हती?’

पोह्यांची कढई घेऊन अरुणाताई दारातच थांबल्या. त्या काही बोलणार, तोच श्रुती घाईघाईनं म्हणाली, ‘हाँ बाबा, मैंने ही ढूँढा था.’

‘अहो, पण ती...’

‘तू मध्ये बोलू नकोस,’ जगदीशराव म्हणाले.

अनीशनं बायकोला खोलीत नेऊन खूप विचारलं. तिनं कारण सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात अरुणाताईंनी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा जगदीशरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

महिना संपायच्या आत अनीशनं गोमती नगरमध्ये फ्लॅट भाड्यानं घेतला. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा श्रुती सासूच्या गळ्यात पडून रडली. जगदीशरावांना ते नाटक वाटलं.

फाटक लावून ते आत आले. अरुणाताई कपाटासमोर उभ्या होत्या. पलंगावर चार साड्या घडी करून ठेवलेल्या, शेजारी बीपीच्या गोळ्या.

‘सुटलो एकदाचे,’ ते म्हणाले. ‘आता आपण दोघं निवांत.’

अरुणाताईंनी पाचवी साडी घडी केली.

‘नाशिकची ती जागा श्रुतीनं माझ्यासाठी शोधली होती. मीच सांगितलं होतं तिला. एकटीसाठी,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘पण ती या घरात होती, म्हणून माझा पाय निघत नव्हता.’