वहीतलं माप

पात्याखालून केसाएवढा बारीक कीस निघाला आणि भाचीचा हात थांबला. तिने फळी उचलून खिडकीसमोर धरली. मधल्या भागातून उजेड तांबूस झिरपत होता.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. अंगाने मोठा, आवाजाने भारदस्त. त्याची वरची फळी आतून खरवडून पातळ करावी लागते. जाड राहिली तर वाद्य घुमं होतं. फार पातळ झाली तर तारा चढवल्यावर कधीतरी ती खचते, फुटते. एकदा काढलेलं लाकूड पुन्हा चढवता येत नाही. भाचीचा हा पहिलाच व्हायोला होता, आणि फळी मामाने एकतीस वर्षं वाळत ठेवलेली, शेवटची होती.

मामाचा उजवा हात आता थरथरायचा. त्याने स्वतः काम सोडलं होतं. मागच्या आठवड्यात तो मामीला सांगत होता, "हिचा हा एक जमला तर दुकान हिचं. नाही जमला तर कुलूप." आपण दाराआड आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं, असं भाचीला वाटत होतं. तेव्हापासून तिला धड जेवण जात नव्हतं.

फळी किती जाड ठेवायची हे तिने मामाला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर. "लाकडाला विचार." लाकूड काही बोललं नाही. मग मामा डोळे तपासायला गेलेला असताना तिने त्याचा खण उघडला आणि आतली जुनी वही काढली. आपण चोरी करतोय हे तिला कळत होतं, पण भीतीपुढे लाज ती किती टिकणार! वहीत अकरा पानं भरलेली होती. पानापानावर व्हायोलाचा आकार, आत ठिकठिकाणी आकडे. बाकी एक अक्षर नाही. तिने अकराही पानं उतरवून घेतली. मध्यभागी कुठे दोन पूर्णांक दोन मिलिमीटर, कुठे दोन पूर्णांक एक. वाचूनच तिला घाम फुटला. इतकं पातळ! पण मामाची वाद्यं चाळीस वर्षं वाजत होती. म्हणजे हात असा धीट लागतो, तिने मनाशी ठरवलं. दोन पूर्णांक दोन.

आता जाडी मोजायचा काटा दोन पूर्णांक नऊ दाखवत होता. तीन दिवस तो तिथेच अडकला होता. ती पातं टेकवायची, हात गार पडायचा, पातं उचलायची. अंगठ्यांनी दाबलं की फळी किंचित लवायची आणि ती अंगठे काढून घ्यायची. वहीपर्यंत अजून बरंच अंतर होतं. तिने डोळे मिटून एकदा पातं ओढलंसुद्धा. कीस निघालाच नाही. हाताने दाबच दिला नव्हता.

"झालं का गं?" मामाने विचारलं. तो चुलीपाशी भांड्यातला सरस ढवळत होता. टेबलावर फळी आवळून धरायचे शिकंजे ओळीने मांडलेले होते. सरस लावून फळी बसवली की वाद्य बंद. आतलं कुणाला दिसणार नव्हतं. पहिल्या वाद्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही हा मामाचा नियम, त्यामुळे फळी तो हातात घेऊन बघणारही नव्हता.

"झालं," ती म्हणाली.

मामाने सरसाचं भांडं तिच्यापुढे आणून ठेवलं. तिने कुंचला बुडवला. वाद्याच्या कडेपाशी नेला. सरसाचा एक थेंब टेबलावर पडला आणि गार होऊन घट्ट झाला. आपण भित्रे आहोत, हे काम आपल्या हातचं नाही आणि हे उद्या नाही तर परवा, पहिला सूर निघताच मामाला कळणारच, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम आलं. तिने कुंचला खाली ठेवला.

"मामा, मी खोटं बोलले. नाही झालं. मापाला पोचलेच नाही मी. हातच जात नाही रे पुढे."

"कसलं माप?"

"तुझ्या वहीतलं. खणातल्या." आता रडू आवरेना. "तू दोन-दोनपर्यंत गेलास. मी दोन-नऊलाच थांबले. मला भीती वाटते. लाव तू कुलूप."

मामाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्याने स्टूल ओढलं आणि मटकन बसला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचा नियम मोडला. फळी उचलली, कानाशी धरली, बोटाच्या पेराने हलकंच टकटक केलं. पुन्हा एकदा केलं. फळी खणखणीत वाजली. मग त्याने ती जपून खाली ठेवली.

"नशीब माझं, घाबरलीस," तो म्हणाला. "जमलेल्याचं माप मी कधी लिहिलं नाही गं. ते लाकूड पुन्हा कुठे मिळतंय? त्या वहीत फक्त फुटलेले आहेत."