बंकरमधला घास

डब्याचं झाकण खणकन पडलं आणि बंकरमधली शांतता मोडली. बोटीतून आलेले आम्ही सगळे गाइडचं ऐकत गप्प उभे होतो. महायुद्धात एक जपानी शिपाई इथल्या फटीतून दिवसदिवस समुद्र न्याहाळत बसायचा, म्हणे.

"आई, भूक," लेक कुजबुजली.

अंदमानची ही सहल खरं तर तिघांची ठरली होती. हे सैन्यात. रजा रद्द झाली तेव्हा म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन या." त्याला नऊ दिवस झाले. सीमेवरून फोन नाही.

लेकीनं पुरीचा तुकडा मोडून फटीत ठेवला. घरी सासूबाई रोज जेवणाआधी ह्यांच्या नावानं असाच घास काढून ठेवतात, सुखरूप परतावेत म्हणून.

"बाबांचा का गं?" मी विचारलं.

"नाही, शिपाईकाकांचा. त्यांची आईपण काढत असेल ना?"

"अगं, या बेटावरची हरणं खातील ती पुरी!" गाइड हसला. मग हळूच म्हणाला, "ते शिपाईकाका घरी पोचलेच नाहीत, बाळा."

लेकीनं फटीला डोळा लावून समुद्राकडे पाहिलं.

"आई, मग त्यांच्या आईनं घास काढणं कधी थांबवलं गं?"