रूपांतराची भाषा

अश्विनची प्रोग्रामिंगची भाषा अजून तयारच होत होती, तरी रोहणा गावाने त्याचा सत्कार उरकून घेतला. मग माजी सरपंच गुलाबरावांनी त्याला चार पाहुण्यांसोबत चहाला घरी नेलं. "काळ बदलला बाप्पा, आम्ही आता जातपात मानत नाई," ते म्हणाले. "पण तुझी ही भाषा करते काय?"

"जुना प्रोग्राम पुरा नव्या रूपात आणते, काका. फक्त त्याचं वागणं बदलू देत नाई."

"मले काई समजलं नाई."

तेवढ्यात चहा आला. सगळ्यांना चिनीमातीच्या कपात, एकट्या अश्विनला कागदी कपात.



अश्विनने तो कप वर धरला. "माह्या आबाजीले या घरी वळचणीत खोचलेल्या वेगळ्या कपात चहा भेटे, काका. आता कप तेवढा नवा झाला."