गळ्यातली शिट्टी

निवृत्तीनंतर डॉल्फिनचे मास्तर पहिल्यांदाच समुद्रावर आले, एकटेच. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. उभी हयात टाकीतल्या एकुलत्या डॉल्फिनला उड्या शिकवण्यात गेली: उडी झाली की शिट्टी, शिट्टीमागून मासा. ती लबाड हुबेहूब तशीच शिट्टी वाजवायची. मास्तर हसायचे, "माझी नक्कल करते!" नवा मास्तर परवाच फोनवर वैतागला होता, "तुम्ही गेल्यापासून दिवसभर शिट्ट्या. कान किटले!" इथे बोटीभोवती कळप उसळत होता. नावाड्याने पाण्यात माइक सोडला. तऱ्हेतऱ्हेच्या शिट्ट्या ऐकू आल्या. "भांडतात का रे?" "छे हो काका, नावं आहेत ती. प्रत्येकाची शिट्टी वेगळी. कुणी दिसेनासं झालं, की त्याचीच शिट्टी वाजवून हाका मारतात." मास्तरांचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला. "बोट वळव." "आत्ता तर आलो, काका!" "वळव रे. कधीची हाका मारतेय ती."