हँडलचा स्क्रू

बाबांना हल्ली घरातलं कोणीच ओळखू येत नाही. निदान त्यांची स्कूटर तरी ओळखतील, या आशेने मी ती जिन्याखालून बाहेर काढली आणि दुरुस्त करायला घेतली. बाकी सगळं सुटलं, पण हँडलच्या झाकणाच्या एका गंजक्या स्क्रूने जीव मेटाकुटीला आणला. रोज सकाळी त्यावर तेल सोडायचं, हलकेच ठोकायचं, सगळा जोर लावायचा. जरासा हलला की तेवढ्यात कामावर जायची वेळ व्हायची. संध्याकाळी येऊन बघावं तर पुन्हा घट्टच्या घट्ट.

"एका दिवसात परत गंज धरतो का गं?" मी बायकोला विचारलं.

"तुझ्यावर गेलाय तो," ती म्हणाली. "एकदा अडून बसला की बसला."

रविवारी मात्र मी हट्टालाच पेटलो. स्क्रू चांगला अर्धा बाहेर आला, तेव्हा कुठे चहा प्यायला आत गेलो. परत आलो तर बाबा स्कूटरवर वाकलेले. स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांत धरून तोच स्क्रू आवळत होते.

"बाबा, अहो, तो काढायचाय आपल्याला."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पिळायला लागले.

 

"तुम्ही हात लावू नका हो त्याला. उद्यापासून माझा मुलगा ही घेऊन कॉलेजला जाणार आहे, हँडलचं काही सैल राहायला नको."