नवीन माणूस, ओळखीचा माणूस

छाया गेली ते निवृत्तीला फोनवर कळले. जानोरीच्या शेतात तो पॉलिहाउसमध्ये गुलाब काढत होता. देवळाली कॅम्पातल्या दवाखान्यातून कोणी माणूस बोलला. बाई बस थांब्यावर चक्कर येऊन पडल्या, इथे आणेपर्यंत काही उरले नव्हते. निवृत्तीने हातातली फुले आधी बादलीत उभी केली. मग खाली बसला.

तो शनिवार होता. घराला सुतक लागले, पण गुलाबाला सुतक नसते. आज कळी काढली नाही तर उद्या उमलते, आणि उमललेला गुलाब कोणी घेत नाही. तिसऱ्या दिवशी निवृत्ती कात्री घेऊन पुन्हा आत शिरला. त्याला घोर एकाच गोष्टीचा होता. बुधवारी सकाळी अकराला कोचीहून सुझॅन मॅडमचा फोन येणार. त्यांचे फुलांचे दुकान. आठ वर्षे माल त्यांच्याकडे जात होता आणि आठ वर्षे त्यांच्याशी छायाच बोलत होती, इंग्रजीतून, पॅकिंगच्या खोलीचे दार लावून. मॅडमना मराठी येत नव्हती, हिंदीही नाही. छाया गेली हे त्यांना सांगायचे होते.

मुलगी हर्षाली इंदिरानगरहून आली होती. मी सांगते, एका वाक्याचे तर काम, असे ती म्हणाली. निवृत्ती ऐकेना. असला निरोप नवऱ्यानेच द्यायचा असतो, एवढेच बोलला. शेवटी तिने आईची वही त्याच्यापुढे ठेवली. मग यातून पाठ करा म्हणाली.

छाया सातवी शिकलेली. दर शनिवारी ती कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे इंग्रजीला जायची. निवृत्ती त्यावरून चेष्टा करायचा. "आली का मडमीण?" विचारायचा. "आली. आता चहा मडमीण टाकणार का साहेब?" ती म्हणायची. तिला फार तर पाच-दहा वाक्ये येत असतील, असे तो धरून चालला होता.

वही दोनशे पानांची निघाली. प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे ‘नवीन माणूस’, उजवीकडे ‘ओळखीचा माणूस’. इंग्रजीच, पण मराठी अक्षरांत. नवीन माणसाला गुड मॉर्निंग आणि मे आय स्पीक टू. ओळखीच्याला नुसते हॅलो, छाया हिअर. ऐकू आले नाही तर ‘काय?’ विचारायचे नाही, आधी सॉरी म्हणायचे. समोरचा चिडला तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्यायचे. फोन तुटला तर आपणच पुन्हा लावायचा. नवीन माणूस ओळखीचा झाला हे कसे समजावे, तेही लिहिले होते: तो आधी हसला की. निवृत्ती पाने उलटत गेला. ज्याला तो फोनची कटकट म्हणत आला होता ते त्याच्या शेताहून मोठे काम होते, आणि तिने ते एकटीने उभे केले होते.

मधल्या एका पानावर तो थांबला. वर लिहिले होते: ‘मालकाची ओळख करून देणे. बाई म्हणतात, नुसते माय हजबंड बरे दिसत नाही. नाव सांगावे. सराव करणे.’ आणि खाली पान भरून त्याचे नाव. निवृत्ती. निवृत्ती. निवृत्ती. वरच्या ओळी अगदी पुसट. खाली खाली अक्षर ठाम होत गेलेले.

एकतीस वर्षांत छायाने त्याचे नाव घेतले नव्हते. लग्नातला उखाणाही तिने तोंडातल्या तोंडात संपवला होता. बँकेत नवऱ्याचे नाव विचारले की ती हर्षालीला कोपराने ढोसायची. ती दार कशासाठी लावून घ्यायची, ते निवृत्तीला आता कळले. तो बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसला. देवळात बसावे तसा.

बुधवारी अकराला फोन वाजला. पाठ केलेले सगळे पळाले. तो नुसता हॅलो म्हणाला.

पलीकडे सुझॅन मॅडम होत्या. पुरुषाचा आवाज ऐकून त्यांनी विचारले, "इज दॅट निवृत्ती?"

परक्या मुलखातली बाई, पण नाव तिच्या तोंडात मुरलेले होते. ती हसली, भराभर काही बोलली, आणि त्या बोलण्यात ते नाव आणखी दोनदा आले. हर्षाली शेजारी कान लावून होती. तिने हळूच सांगितले, "म्हणतायत, निवृत्तीच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक फूल डब्यात जात नाही, असं छाया सांगते. आठ वर्षं ऐकतेय, आज आवाज ऐकला."

मग बाईंनी छायाची चौकशी केली. तेवढे त्याला न सांगता समजले.

त्याचे उत्तर वहीत कुठेच नव्हते. ते हर्षालीने वेगळ्या कागदावर लिहून दिले होते. छाया इज नो मोअर. पहिल्याच शब्दाशी तो अडला. सगळा जन्म तो तिला अगं म्हणाला होता, हर्षालीची आई म्हणाला होता, चारचौघांत आमची मंडळी म्हणाला होता. हे नाव त्याच्या तोंडाला ठाऊकच नव्हते.

"पप्पा, द्या इकडं. मी सांगते," हर्षाली म्हणाली.

निवृत्तीने फोन छातीशी धरला. "नको. तुझ्या आईनं अख्खं पान गिरवलं. म्या अजून एक डाव बी म्हटलं नाय."

त्याने वहीतले एक वाक्य कसेबसे वाचले, आय विल कॉल यू बॅक, आणि फोन ठेवला. मग पॅकिंगच्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. बाहेर हर्षालीला त्याचा आवाज ऐकू येत होता. एकच शब्द, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.

आता दुपार झाली आहे. कोचीला फोन लावायचा राहिला आहे.