चाळीसपैकी शून्य

परीक्षकबाईंनी ती उत्तरपत्रिका तिसऱ्यांदा तपासली. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि एकही उत्तर बरोबर नाही. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी दहाएक बरोबर आली असती.

वीस वर्षं त्या ही बुद्धिचाचणी घेत होत्या. आधी गावातल्या मुलांची, मग डोंगरावरून उतरून खाणीपाशी राहिलेल्या लोकांच्या मुलांची. खाणवस्तीतली मुलं दरवर्षी मागे पडायची. आकडे विद्यापीठात पोचले की दोन प्राध्यापकांची जुंपायची. एक म्हणायचे, हे रक्तातच आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दुसरे म्हणायचे, मुलांना पोटभर खायला द्या, शाळेला धड छप्पर द्या, मग बोला. दोघांची पुस्तकं निघाली, दोघांचे केस पिकले. बाईंची पायपीट मात्र सुटली नाही. कोणाचं खरं, हा प्रश्न त्यांना पूर्वी छळायचा. आता गुडघे छळायचे.

शाळा सुटली होती, तरी त्यांनी त्या मुलीला परत वर्गात बोलावलं. नऊ वर्षांची, हाडकुळी. ती बाकाच्या कडेला टेकली. बाईंनी तिला समजावलं की येत नाही त्याचं एखादं तरी चुकून बरोबर येतंच. सगळीच्या सगळी चुकवायची तर सगळीच्या सगळी यावी लागतात. मुलीचा चेहरा उतरला.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "तिनं नीट शिकवलं होतं. बरोबर उत्तर शोधायचं आणि ते सोडून दुसऱ्यावर खूण करायची."

"का गं?"

"हुशार निघालं की शहरातल्या वसतिगृहात नेतात. ताईनं आईचं ऐकलं नाही. तिला नेलं. परवा आली, तर तिला आजीचं बोलणंच कळेना."

मग थांबत थांबत तिनं बाकीचंही सांगितलं. हे एकट्या तिच्या घरातलं नव्हतं. वस्तीत चूल तिथे ही शिकवणी होती. सगळ्यात आधी जी मुलं निवडली गेली, त्यांतलं एकही राहायला म्हणून परत आलं नव्हतं.

त्या पहिल्या मुलांची यादी बाईंनीच केली होती. प्रत्येकाच्या आईला घरी जाऊन अभिनंदनही त्याच करून आल्या होत्या. एक आई तेव्हा दारातच मटकन खाली बसली होती. बाईंना वाटलं होतं, आनंदानं.

फाटकाशी गाडीवाला खोळंबला होता. गठ्ठा आज विद्यापीठात पोचायचा होता. बाईंनी मुलीची उत्तरपत्रिका फाडून टाकली, एक कोरी काढून तिच्यापुढे ठेवली आणि पेन्सिल दिली.

"दहा-बारा बरोबर येऊ देत," त्या खिडकीकडे तोंड वळवून म्हणाल्या. "नाहीतर कळतं."